रिकाम्या फोल्डरातली साखर

माझ्या सुनेचा हात मोडला आणि चार आठवडे मी तिची बोटं झाले. त्या चार आठवड्यांत मी तिच्या नोकरीचं काय करून ठेवलं, ते एकदा नीट लिहून काढायचंय. तोंडी सांगताना मी फार फाटे फोडते, माझा मुलगा तर म्हणतो, आई, तू कर्जतला जायला निघतेस आणि बोलत बोलत खोपोलीला पोचतेस. लिहिताना तरी तसं होऊ नये.

आम्ही दहिवलीला राहतो. मुलगा चौकला गॅरेजवर कामाला. सून पळसदरीची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, आणि पुण्याच्या एका ऑफिसचं काम घरातून करते. काम काय, तर नवीन सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी ते तपासायचं. कुठं अडकतं, कुठं चुकतं ते शोधायचं आणि सगळं बरोबर असलं की खाली आपलं नाव घालून "तपासलं" म्हणून कळवायचं. दोन वर्षं कंत्राटावर होती. तिच्या मॅडमनी सांगितलं होतं, हे आत्ताचं काम नीट पार पडलं की तुला पक्की करू. आमच्या घरात पक्की नोकरी म्हणजे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. माझ्या नवऱ्याची नव्हती, मुलाची नाही, माझी तर कधीच नव्हती.

आणि त्याच पावसात ती न्हाणीघराबाहेरच्या शेवाळलेल्या लादीवरून घसरली. उजवं मनगट गेलं.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर गळ्यात अडकवून ती माझ्यासमोर येऊन बसली. "आई, मी सांगते ते तुम्ही टाईप कराल?"

"टाईप करायला काय गं, पण मला ते आतलं काय कळतंय?"

"आतलं मला कळतं. तुम्ही बाहेरचं करा."

मुलगा कामावर निघाला होता. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, "आई, तू तिची बोटं झालीस तर आमच्या भाकऱ्या कोन थापील रं बाबा?"

"तुला नायत का हात? का तुलापन प्लॅस्टर हाय?" मी म्हटलं.

टाईप करणं मला नवं नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. कचेरीसमोर एक टायपिंगचं दुकान होतं, तिथं झाडलोट करायला लागले. मालक जेवायला घरी गेले की मशीनवर बोटं ठेवून बघायची. कुणी शिकवलं नाही. पुढं वीसएक वर्षं त्याच दुकानात मी लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप केली, आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी तो जुना कॉम्प्युटर मलाच दिला. इंग्रजी मला वाचता येतं. अर्थ लागतो तो अर्धा. हे अर्धं लक्षात ठेवा, सगळा घोटाळा त्यातच झाला.

आता काम काय होतं ते सांगते, भिऊ नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. रक्त-लघवीची तपासणी करणाऱ्या लॅब असतात ना, त्यांच्यासाठी ते सॉफ्टवेअर होतं. लॅबवाल्यानं आपल्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट ठेवला की तो ऑफिसच्या मोठ्या मशीनवर जायचा, आणि डॉक्टरनं आपल्या दवाखान्यात बसून पेशंटचं नाव घातलं की तो डॉक्टरला दिसायचा. अडचण एवढीच की लॅबचा कॉम्प्युटर एका जातीचा आणि ऑफिसचं मशीन दुसऱ्या जातीचं. एकाच कागदाचा पत्ता दोन्हीकडे वेगळा लिहितात. याला ते पाथ म्हणतात. लॅबकडे पत्ता डी अक्षरापासून सुरू होतो आणि मधल्या तिरक्या रेघा डावीकडे कलतात. मोठ्या मशीनवर अक्षरबिक्षर काही नाही, पहिलीच रेघ, आणि ती उजवीकडे कलते. म्हणून मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला, तो इकडचा पत्ता तिकडच्या पद्धतीनं फिरवून द्यायचा. तो सुनेच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं लिहिलेला, आणि तो सहकारीही तिच्यासारखाच कंत्राटावर. त्यानं फिरवलेले पत्ते बरोबर जागी पोचतात का, हे माझ्या सुनेनं तपासायचं.

माझा जुना कॉम्प्युटर झाला लॅब, तिचा लॅपटॉप झाला मोठं मशीन. दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी.

"एक सांगू का आई," सून पहिल्याच दिवशी म्हणाली, "लॅपटॉपला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा ऑफिसचा नियम आहे. बाहेर कुणाला बोलू नका."

"नाय बोलणार," मी म्हटलं. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल बघा. शेजारच्या भाभी रोज दुपारी यायच्या, आणि मी काय नवीन शिकतेय ते माझ्या जिभेच्या टोकावर असायचं.

पहिले दोन आठवडे छान गेले. खरंच छान. ती पलंगावर उशीला टेकून सांगायची, मी टाईप करायची. चुकलं की "आई, रेघ उलटी पडली," म्हणायची. मी म्हणायची, "तुमच्या रेघांना काय झालंय, ज्याला त्याला कलायला हवं." मग दोघी हसायचो. रोज काय लाल आलं, काय हिरवं आलं ते मी वहीत लिहायची. लाल म्हणजे चूक, हिरवं म्हणजे पास.

तिसऱ्या आठवड्यात तिनं बेचाळीस नावांची यादी दिली. "या नावाचे फोल्डर लॅपटॉपवर बनवून ठेवा. उद्या टेस्ट लावू, ती लॅबकडून प्रत्येकात एक नमुना रिपोर्ट पाठवते."

मी बनवले. आता फोल्डर बनवला की तो रिकामा असतो. उघडला की पांढरं पान. एक, दोन, पाच झाले, आणि मला ते बघवेना. आमच्याकडे कुणाचं भांडं परत करायचं तर रिकामं करत नाहीत. भाभी ईदला शेवयांचा डबा पाठवतात, तर मी त्यात दोन टोमॅटो, चार मिरच्या, अगदीच काही नसलं तर मूठभर साखर घालून डबा देते. त्याही तेच करतात. माझी आई तर शेजारच्या घरात रिकामी वाटी घेऊन उंबरा ओलांडू द्यायची नाही. तर मी काय केलं, एक इवलीशी फाइल बनवली, आत एकच शब्द लिहिला, "साखर", आणि फाइलीचं नावही साखरच ठेवलं. बेचाळीस फोल्डरांत एकेक ठेवून दिली. मला वाटलं, खरे रिपोर्ट येतील तेव्हा येतील, तोवर घर रिकामं नको. सुनेला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा तिला एक्स-रे काढायला कर्जतला घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "आई, टेस्ट चालू करून ठेवा. काय येतंय ते फक्त वहीत लिहा."

मी चालू केली. एकोणचाळीस हिरवे. तीन लाल.

लाल ओळीत लिहिलेलं की अमुक नावाचा फोल्डर सापडला नाही. नाव होतं ब्लड. दुसऱ्या ओळीत ओल्ड. तिसऱ्या ओळीत न्यू. मी यादी बघितली. यादीत ब्लड असं नुसतं नव्हतं, ब्लड रिपोर्ट्स होतं. ओल्ड रिपोर्ट्स. न्यू पेशंट्स. तो प्रोग्रॅम नावाचा पहिलाच शब्द घेत होता आणि मधली मोकळी जागा आली की थांबत होता, बाकीचं नाव टाकून देत होता. आज मला हे कळतं. तेव्हा मी काय समजले, की मशीन ब्लड नावाचा फोल्डर मागतंय आणि मी तो बनवायला विसरलेय.

वहीत लिहा, एवढंच सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. मी तीन नवे फोल्डर बनवले, ब्लड, ओल्ड, न्यू. प्रत्येकात साखर ठेवली. टेस्ट पुन्हा लावली आणि सगळं हिरवं झालं.

ती आली तेव्हा दुखण्यावरच्या गोळीनं पेंगत होती. डोकावून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "सगळं हिरवं? आई, तुम्ही तर माझ्याहून बरं काम केलंत."

मला काय वाटलं सांगू? इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला चहा करून दिला, त्यात आलं जास्त घातलं, आणि लाल ओळींचं काही बोलले नाही. दोन दिवसांनी तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं आपलं नाव टाईप केलं आणि तपासलं म्हणून कळवलं. आधी ते एकाच लॅबमध्ये लावून बघणार होते. चौकच्या पुढं, खालापूरच्या रस्त्याला एक लॅब आहे, तिथं. जवळची म्हणून सुनेनंच सुचवलेली.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी भाभी आल्या त्या बसल्याच नाहीत. उभ्याउभ्या बोलायला लागल्या. त्यांची जाऊ खालापूरकडे असते, तापानं फणफणलेली. "चार दिवस ताप उतरंना गं. डॉक्टर म्हनतो पेशी बघितल्याशिवाय पुढचं औषध नाय देत. लॅबवाला म्हनतो रिपोर्ट पाठवलाय. डॉक्टर म्हनतो माझ्याकडं आलाच नाय. दोघांच्यामधी ती बिचारी नुसती पडून. शेवटी परत रक्त काढलं, दुसरीकडं. पोरीच्या हाताला सुई लागायला जागा नाय उरली."

"लॅब कुठली हो?" मी विचारलं. त्यांनी सांगितली. मला कुठंतरी टोचलं, पण मी म्हटलं, नसेल, आपली टेस्ट तर हिरवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. हात असा, म्हणून सून फोन स्पीकरवरच ठेवायची. मी आत सुकट निवडत बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "लॅबचा एकही ब्लड रिपोर्ट डॉक्टरला दिसत नाहीये. तू सगळं पास दाखवलंस."

"मॅडम, माझ्याकडे पास झालंय म्हणून दाखवलं. माझी टेस्ट दोन गोष्टी बघते. पत्त्यावरचा फोल्डर सापडला का आणि यादीतल्या फोल्डरात काही आलंय का. पत्ता चुकला असता तर फोल्डर सापडला नसता. आणि चुकून दुसराच सापडला असता तरी यादीतला खरा रिकामा असता. रिकामा असता तर लाल झालं असतं."

मग त्या सहकाऱ्याचा आवाज आला. "ताई, तुम्ही तपासल्यानंतर मी काहीच बदललेलं नाही."

"मग माझ्याकडे पास कसं झालं?" माझी सून कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

मॅडम म्हणाल्या, "उद्या अकराला दोघंही माझ्यासमोर बसा. दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय. आणि हे असंच राहिलं तर पक्कं करायचं कुणाला याचा मला विचार करावा लागेल."

रिकामा असता तर लाल झालं असतं. मी सुकटीचे हात तसेच मांडीवर धरून बसले. माझ्या एकदम लक्षात आलं, की तिनं मुद्दाम एक जागा रिकामी सोडलेली, चूक तिथं दिसावी म्हणून. आणि मी ती भरून टाकली.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सुकट निवडली, धुतली, कांदा चिरला. ती बाहेर लॅपटॉपवर डाव्या हातानं काहीतरी शोधत होती, मधूनच कपाळ चोळत होती. मी तिला जेवायला वाढलं. ती म्हणाली, "आई, मी खोटं बोलत नाहीये हो." मी म्हटलं, "मला ठाऊक हाय बाय." एवढं म्हणूनही मी गप्प राहिले.

दुपारी ती जरा आडवी झाली. मी टेबलाशी गेले, लॅपटॉप उघडला. ते तीन फोल्डर तिथंच होते. मी मनाशी म्हणत होते, पुसून टाकते. मग कुणाला कळणार आहे? आपली सून तर खोटं बोलत नाहीच, तो पुण्याचा माणूस आपला ना नात्याचा ना गोत्याचा. ब्लडवर बाण नेला. पुसायच्या बटणावर बोट होतं. मी फार चांगली, म्हणून थांबले, असं लिहिता आलं असतं. पण ती दारात आली, म्हणून थांबले.

"काय करताय आई?"

"ते ब्लड नावाचं फोल्डर मी बनवलंय."

"कुठलं ब्लड?"

मी तिन्ही दाखवले. तिनं वाकून डाव्या हातानं ब्लड उघडलं. आत एक फाइल. "हे काय आहे?"

"साखर."

"साखर म्हणजे?"

"रिकामं ठेवू नये म्हनून."

तिला आधी हसूच आलं. खरंच हसली, प्लॅस्टर पोटाशी धरून. मग एकदम थांबली. "किती फोल्डरांत ठेवलीत?"

"सगळ्या."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी तीन नाही, बेचाळीसच्या बेचाळीस तपासलेलेच नाहीत. प्रत्येकात काहीतरी सापडणारच होतं." आणि मग, "आई, तीन लाल आले होते ना? मला विचारलं का नाहीत?"

"तू एक्स-रेला गेली होतीस."

"फोन होता की माझ्याकडे."

मी पदरानं टेबल पुसत राहिले.

संध्याकाळी मुलगा आला, त्याला सगळं कळलं. तो बायकोला म्हणाला, "तू कशाला सांगतेस मॅडमला? परोग्राम त्यानंच चुकीचा लिहिलाय ना? मग भोगू दे त्याला."

"त्यानं मला दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "ताई, नावात मोकळी जागा असेल तिथं एकदा बघाल ना, असं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं."

"मग आता आईनं केलं म्हनून सांगनार? लॅपटॉप दिला कसा म्हनून तुलाच धरतील."

"धरू देत."

तो माझ्याकडे वळला. "तुला कुनी सांगितलं होतं गं साखर घालायला?" आणि ताट तसंच सरकवून उठला. माझा मुलगा जेवणावरून उठत नाही कधी.

दुसऱ्या दिवशी अकराला मी तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. तिनं बसवलं नाही, मीच बसले. तिनं पहिल्यापासून सांगितलं. हात मोडला, सासूला बसवलं, ऑफिसला कळवलं नाही, टेस्ट मी स्वतः बघितली नाही, नाव मात्र माझं घातलं. कुठंही माझ्यावर ढकललं नाही. मला वाटत होतं ढकलावं थोडं, मला बरं वाटलं असतं.

मॅडमनी विचारलं, "सासूबाई आहेत का तिथं?"

"हाय मी," मी म्हटलं.

"साखर तुम्ही ठेवलीत?"

"हो मॅडम."

तिकडून त्या सहकाऱ्याला हसू फुटल्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. मॅडम हसल्या नाहीत. "आजी, तिथं लोकांचं रक्त दोनदा काढावं लागलं."

"ठाऊक हाय मला. माझ्या शेजारणीची जाऊ होती त्यात."

मॅडम सुनेला म्हणाल्या, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. पण तुझं नाव मी आत्ता पुढं पाठवू शकत नाही. हात बरा होईपर्यंत सुट्टी घे. नंतर बघू." फोन बंद झाला. सून नुसती त्या फोनकडे बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण टेकलीही नाही.

भाभींची जाऊ बरी झाली. भाभींना मी अजून सांगितलेलं नाही. त्या येतात, बसतात, आणि मी इकडचंतिकडचं बोलत राहते.

प्लॅस्टर निघालं तेव्हा तिचं मनगट माझ्याहून बारीक झालं होतं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलेला. एका सकाळी ती ओट्याशी उभी राहून तो दाबत होती, तेव्हा मी तिला म्हटलं, "तू विचारलंस ना, फोन का नाय केला म्हनून?"

तिनं मान हलवली.

"तू घरात असतीस तरी विचारलं नसतं मी. मला एकदा ते सगळं हिरवं करून दाखवायचं होतं. माझं मी. तू बघावंस म्हनून."

ती चेंडू दाबत राहिली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी वही उघडली असती तर दिसलं असतं, की एकही ओळ लिहिलेली नाही. मला झोपायचं होतं." आणि पुन्हा चेंडू दाबायला लागली. बरं झालं सांगितलंत, असंही म्हणाली नाही, आणि राग गेला, असंही नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसचा कागद आला. आणखी सहा महिने कंत्राट. पक्क्याचं नाव नाही. पक्का तो सहकारी झाला, त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, आणि सून त्याला मनापासून अभिनंदन म्हणाली, मी ऐकलं. माझा जुना कॉम्प्युटर आता तिच्या खोलीतून हलवून माझ्या पलंगाशी ठेवलाय. त्याच्यावर मी हे लिहितेय.

सकाळी नऊला ती कामाला बसते. आधी दार उघडं असायचं, आता लोटून घेते. कडी लावत नाही, नुसतं लोटते. चहा झाला की मी कप बाहेरच्या स्टुलावर ठेवते आणि हाक मारते, "चहा ठेवलाय गं." ती "हो आई" म्हणते. दार ढकलून आत जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.